मुंबईतलं यीस्ट, वर्ध्याची गोळी: एका विकराचा इतिहास

(नांदगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव फलकावर वाचून काही जण दारातूनच परत गेले असं मला सांगण्यात आलं. त्यात त्यांचा दोष नाही. डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज हे नाव वाचून मीही परत गेलो असतो. आज ते नाव मी दोनदाच घेईन. एकदा घेऊन झालं.

मी ज्या गाडीनं इथं उतरलो, ती पुढं चाळीसगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा करत वर्ध्याला जाते. आणि जिथून निघाली ती मुंबई. माझी आजची गोष्ट याच रुळावर आहे. एक टोक मुंबईला परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, दुसरं वर्ध्याजवळ दत्तपूरला. मधे जर्मनी, लंडन, अमेरिका येतील, पण ती आपण पटापट पार करू.

सुरुवात एका गोळीपासून करतो. आशाताईंच्या पिशवीत गरोदर बायकांसाठी जी लाल गोळी असते, तिच्यात दोन गोष्टी असतात. लोह आणि फॉलिक ॲसिड. लोह सगळ्यांना माहीत असतं. फॉलिक ॲसिड म्हणजे काय विचारलं की उत्तर येतं, 'ते बाळासाठी असतं.' बरोबर आहे. पण त्या अर्ध्या गोळीचा शोध ज्या बायकांमुळे लागला, त्या मुंबईच्या होत्या हे फारसं कुणी सांगत नाही.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी तेव्हा सुरू होती आणि मार्गारेट बॅल्फर यांच्या सांगण्यावरून विल्स त्या कामात आल्या. एक विशिष्ट पंडुरोग त्यांच्यासमोर होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, सूज यायची, धाप लागायची. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं तर तांबड्या पेशी कमी, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. इथं उलटं. म्हणजे लोह देऊन उपयोग नाही.

जंतू असेल का? विल्सनी तेही शोधलं, सापडला नाही. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्या घरोघर गेल्या. डॉ. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईच्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली आणि ती १९३० साली छापली. कोण काय खातं, भाजी किती, दूध किती, फळ कधी. त्यात दिसलं की हा आजार ज्या गरीब घरांत जास्त, विशेषतः गरीब मुसलमान बायकांत, तिथं ताटात भाजी, फळं आणि चांगली प्रथिनं जवळजवळ नव्हतीच. कागदावर सोपं वाटतं. पण १९३० साली एखाद्या परक्या बाईनं तुमच्या चुलीपाशी बसून 'काल रात्री काय जेवलात' असं विचारायचं आणि आपल्या बायकांनी खरं सांगायचं, हे सोपं नाही. आशाताई हसताहेत. त्यांना माहीत आहे. 'सगळं खातो ताई' हेच उत्तर पहिलं येतं.

मग विल्सनी तोच आहार प्रयोगशाळेत उंदरांना दिला, पुढं माकडांना दिला. जनावरं आजारी पडली. आणि यीस्ट दिलं की सुधारली. यीस्ट म्हणजे किण्व, पाव फुगवायला घालतात ते. इंग्लंडमध्ये बिअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा एक काळा, खारट लगदा डब्यात मिळायचा, मार्माइट नावाचा. स्वस्त. विल्सनी तो आजारी बायकांना दिला आणि बायका उठून बसल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे लिहिलं. यकृताचा अर्कही काही वेळा लागू पडायचा, पण एक गंमत होती. अर्क जितका शुद्ध करावा तितका तो या बायकांच्या कामी येईना. कच्चा अर्क आणि यीस्ट मात्र चाले. म्हणजे यीस्टमध्ये असं काहीतरी होतं जे तोवर माहीत असलेल्या कुठल्याच जीवनसत्त्वात नव्हतं. त्याला पुढं बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं, पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत ते बनवलं गेलं, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातले. तेव्हा कळलं की मुंबईच्या यीस्टमधली गोष्ट ती हीच.

हे पहिलं टोक. आता थोडा वेळ यीस्ट बाजूला ठेवा. ते परत येणार आहे.

जर्मनीत १९३२च्या डिसेंबरात गेरहार्ड डोमाक यांनी उंदरांवर एक लाल रंग तपासला. प्रोन्टोसिल. कापड रंगवायचे रंग जंतू मारतात का, हे ते शोधत होते. स्ट्रेप्टोकॉकस टोचलेले उंदीर मरायचे ते जगले. १९३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी दाखवलं की रंगाचा काही संबंध नाही, शरीरात त्या रंगाचे तुकडे होतात आणि त्यातला बिनरंगाचा तुकडाच काम करतो. तो तुकडा म्हणजे सल्फानिलामाइड, सल्फा. आपल्या आजोबांच्या पिढीत जखमेवर जी पांढरी सल्फाची पावडर टाकत, ती हीच जात. डोमाकना १९३९चं नोबेल जाहीर झालं आणि हिटलरच्या सरकारनं त्यांना ते नाकारायला लावलं. पदक युद्धानंतर मिळालं.

पण सल्फा जंतूला मारतं कसं? १९४० साली लंडनला डोनाल्ड वुड्स यांना एक विचित्र गोष्ट दिसली. जंतूंच्या खाद्यात थोडा यीस्टचा अर्क मिसळला तर सल्फाचा असर जातो. जंतू परत खुशाल वाढू लागतात. बघा, तेच यीस्ट. मुंबईत ते बाईला वाचवत होतं, लंडनमध्ये जंतूला. वुड्सनी त्या अर्कात काय आहे याचा माग काढला आणि एका साध्या रेणूवर आले. पॅरा-अमिनोबेन्झोइक ॲसिड. आपण त्याला पाबा म्हणू. पाबा आणि सल्फा कागदावर शेजारी काढले तर जुळे भाऊ दिसतात. एका टोकाला तंतोतंत सारखे, दुसऱ्या टोकाला फरक. वुड्स आणि त्यांचे वरिष्ठ पॉल फिल्ड्स यांनी मांडलं की सल्फा पाबाची जागा अडवून बसतं. पण पाबा जंतूला हवा कशाला, हे तेव्हा कळलं नव्हतं. फॉलिक ॲसिडची रचना उलगडली तेव्हा कळलं. त्याच्या मधोमध पाबा होता.

आता हे मनमाडकरांना आणि नांदगावकरांना समजावणं सोपं आहे. मनमाड जंक्शनला शंटिंग पाहिलं असेल. फॉलिक ॲसिड ही तीन डब्यांची गाडी समजा. पहिला डबा टेरिन, मधला पाबा, शेवटचा ग्लुटामेट. जंतूच्या पेशीत एक कामगार असतो, पहिला डबा आणि मधला डबा जोडणारा. तो कामगार म्हणजे आपलं विकर, एन्झाइम. दुसऱ्यांदा नाव घेतो आणि थांबतो: डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज. त्यानं जोडलं की पुढचा कामगार शेवटचा डबा लावतो.

सल्फा हा असा डबा आहे ज्याचं पुढचं कपलिंग हुबेहूब पाबासारखं आहे. कामगाराच्या हातात तो डबा आला की फरक त्याला कळत नाही. एक तर तो हातात अडकून राहतो आणि खरा डबा यार्डात उभा राहतो. किंवा कामगार तो जोडूनही टाकतो. पण त्या डब्याला मागचं कपलिंगच नाही. शेवटचा डबा लागणार कसा? गाडी यार्डातच कुजते. आणि फॉलिक ॲसिड नसेल तर पेशीला डीएनए बनवता येत नाही, डीएनए नाही तर एकाच्या दोन पेशी होत नाहीत. विल्स यांच्या बायकांच्या रक्तपेशी मोठ्या का होत होत्या, तेही याच कारणानं. पेशी फुगत होती, पण विभागता येत नव्हती.

मग हे औषध आपल्याला का मारत नाही? कारण आपल्याकडे तो कामगारच नाही. आपण ही गाडी तयार आणतो: मेथी, पालक, शेपू, हरभरा, मटकी. जंतूला मात्र बहुतेक वेळा बाहेरून तयार माल घेता येत नाही, घरीच बनवावा लागतो. आपल्या शरीरात जी गोष्ट नाही आणि शत्रूच्या शरीरात आहे, तिच्यावर मारा करायचा, इतकं सरळ. १९६२ साली जीन ब्राउन यांनी हे परीक्षानळीत दाखवून दिलं, की सल्फा थांबवतं ते नेमकं याच विकराला.

आता वर्धा.

महारोग. जुनी माणसं रक्तपिती म्हणायची. मुंबईत वडाळ्याला १८९० मध्ये यासाठी मोठा आश्रम निघाला तो म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या पुढाकारानं. इतिहासाच्या मंडळींना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असेल. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अॅक्वर्थ, तेच हे. एका साहेबानं पोवाडेही जमवले आणि महारोग्यांना छप्परही दिलं. मात्र ते छप्पर भिंतीआडचं होतं. १८९८ च्या कायद्यानं रस्त्यावरच्या निराधार रोग्यांना पकडून असं कोंडता येत होतं, आणि तो कायदा आपण रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९ मध्ये. तारखा लक्षात ठेवा, कारण औषध त्याच्या कितीतरी आधी आलं होतं.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केलं. विनोबांचे सहकारी, ब्राह्मण घरातला तरुण, हातानं रोग्यांच्या जखमा धुवायचा. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले, संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि अंगावर हा रोग. गांधीजी त्यांना स्वतः मालिश करीत. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण त्या फोटोत औषध काय आहे? तेल. त्या काळी महारोगावर होतं ते चौलमोग्राचं तेल, आपल्याकडच्या कडू कवठाच्या जातीचं. ते टोचायचे. गाठी यायच्या, ठणका लागायचा आणि गुण फार थोडा. परचुरे शास्त्री १९४५ साली दत्तपूरला गेले. म्हणजे वारले. अगदी थोड्या वर्षांनी चुकामूक झाली.

कारण औषध तेव्हा जगात होतं. १९०८ सालीच जर्मनीत फ्रॉम आणि विटमान या रसायनशास्त्रज्ञांनी डॅप्सोन बनवून ठेवलं होतं. सल्फानिलामाइडही प्रथम बनलं ते १९०८ मध्येच. दोन्ही औषधं बाटलीत पडून, आणि कुणाला कल्पना नाही की ही औषधं आहेत! डॅप्सोन सल्फाचंच भावंड, त्याच कामगाराच्या हातात अडकणारं. अमेरिकेत कार्व्हिलला गाय फॅगेट यांनी १९४१ पासून त्याचा एक महागडा अवतार शिरेतून दिला. मूळ साधं डॅप्सोन वापरून पाहिलं ते आपल्याकडे, मद्रासजवळ चिंगलपुटला, रॉबर्ट कॉक्रेन यांनी, १९४६ च्या सुमारास. आणि नायजेरियात जॉन लो यांनी दाखवलं की थोड्या मात्रेत ते तोंडावाटे देता येतं. एक पांढरी गोळी. पैशात स्वस्त. शेतातल्या माणसाला घरी देता येईल अशी.

याच वेळी बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले आणि वरोऱ्याला काम सुरू झालं. आनंदवनाबद्दल तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, म्हणून मी तिथं थांबत नाही. मला थांबायचंय ते डॉ. वार्डेकर यांच्यापाशी. त्यांचं नाव कमी घेतलं जातं. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांनी तिथं एक साधी पद्धत बसवली: घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी उपचार. रोग्याला उचलून आश्रमात न्यायचं नाही, गोळी त्याच्या दारात न्यायची. देशाच्या कार्यक्रमानं पुढं हीच पद्धत उचलली. लूसी विल्स चुलीपाशी गेल्या होत्या. वर्ध्याचे कार्यकर्तेही तेच करत होते. कपडे बाजूला करून पाठीवरचा चट्टा दाखव म्हणायचं, आणि तेही त्या माणसाला ज्यानं तो चट्टा सख्ख्या भावापासून लपवलाय.

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता पुढचा भाग सांगता येत नाही. माझ्या आजीच्या भावाला हा रोग होता. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गोठ्याला लागून एक खोली, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तात्या डॅप्सोनवर होते, कित्येक वर्षं. चट्टे गेले, सगळ्यांना वाटलं संपलं. सत्तरच्या दशकात ते परत आले, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. तेव्हाच्या एका डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, 'तुम्ही गोळ्या घेत नाही, फेकता.' तात्या काही बोलले नाहीत. घरात मात्र ते वाक्य राहिलं. तात्यांनीच हे ओढवून घेतलं, असं पुढं धरलं गेलं.

डॅप्सोनला जंतू दाद देत नाहीत, हे सिद्ध करणं भयंकर अवघड होतं. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेन यांना १८७३ मध्ये दिसला, पण तो आजतागायत काचेच्या भांड्यात वाढवता आलेला नाही. १९६० साली शेपर्ड यांना तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवता आला, आणि तिथंही तो इतका मंद, की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस. एका चाचणीला महिनेच्या महिने. त्या युक्तीनं १९६४ मध्ये मलायातल्या रोग्यांवर पेटिट आणि रीस यांनी दाखवलं की औषध नीट घेऊनही जंतू वाढतोय. पुढं देशोदेशीहून तशाच बातम्या आल्या.

दोष कुणाचा? एकच औषध, वर्षानुवर्षं, आणि पुष्कळदा अगदी कमी मात्रेत, कारण जास्त दिलं तर अंगावर प्रतिक्रिया येईल ही भीती. एकट्या औषधाला कोट्यवधी जंतूंसमोर उभं केलं की त्यातला एखादा वेगळा निघतोच. तो वेगळेपणा कुठं आहे हे १९९९-२००० च्या आसपास कळलं. आपल्याच त्या विकरात. त्याच्या साखळीत ५३ किंवा ५५ क्रमांकावरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं. डॅप्सोन जिथं बसतं त्या खाचेजवळ. कामगाराच्या हाताची पकड जराशी बदलली, एवढंच. खरा डबा अजून पकडता येतो, खोटा निसटतो.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि जुनं डॅप्सोन. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मारा करतात, त्यामुळे तिघांनाही चुकवणारा जंतू निघणं जवळपास अशक्य. देशात हा उपचार ज्या जिल्ह्यांत सर्वात आधी सुरू झाला त्यात वर्धा होता. वार्डेकरांच्या पद्धतीनं कोणाच्या घरी रोगी आहे याच्या याद्या तिथं तयारच होत्या. जन्मभराचा उपचार महिन्यांवर आला. २००५ च्या अखेरीस देशानं जाहीर केलं की दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी राहिले. 'निर्मूलन' हा शब्द तेव्हा वापरला, तो मला पटत नाही. नवे रोगी अजून सापडतात, लहान मुलांतही सापडतात. शोध अभियानाला आशाताई दार वाजवतात ते उगाच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००१ साली या जंतूची सगळी जनुकं वाचली गेली. हा जंतू म्हणजे पडका वाडा निघाला. अकराशेच्या आसपास जनुकं मोडकी, कामाची सोळाशेच. इतरांच्या पेशीत राहून फुकट मिळेल ते घ्यायची सवय लागल्यावर एकेक खोली पडत गेली. पण फॉलिक ॲसिडचा तो कामगार त्यानं सांभाळून ठेवलाय. बाकी सगळं सोडलं, ते सोडता आलं नाही.

आज त्वचेचा छोटा नमुना घेऊन त्या ५३ आणि ५५ क्रमांकाच्या जागा थेट वाचता येतात. उंदीर लागत नाही, वर्ष लागत नाही. तात्यांना ऐंशीच्या दशकात नवी औषधं मिळाली, चट्टे गेले ते गेलेच. बोटं वाकडी राहिली, कारण मेलेली नस परत येत नाही. त्यांच्या कानाच्या पाळीचा नमुना कुणी जपून ठेवलेला नाही. त्यामुळे त्यांच्या जंतूतला कामगार बदलला होता की तात्या खरंच गोळ्या चुकवत होते, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. आजी मात्र म्हणायची, रोज रात्री गोळी तीच हातावर ठेवायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिथून हलायची नाही.

चला, प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.